हात न लावलेला माउथऑर्गन

पेचकसकाकांकडून नवं वाद्य विकत घ्यायचं तर माणसाच्या अंगी सहनशक्ती हवी. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवून म्हणणार, "काका, तो माउथऑर्गन द्या." काका खोकं उघडणार, कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार, कानामागे खोचलेला बारीक पेचकस काढणार आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्या नव्याकोऱ्या वस्तूचे वरचे दोन्ही पत्रे उतरवून बाजूला ठेवणार.

"अहो काका, नवीन आहे तो!"

"म्हणून तर उघडतोय. जुना असता तर एव्हाना कोणीतरी उघडला असता."

या सवयीवरूनच त्यांना पेचकसकाका हे नाव पडलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं. कारखान्यातून आलेलं वाद्य म्हणजे न चाळलेलं पीठ, असं त्यांचं म्हणणं. खडा असतोच, फक्त तो दाताखाली यायच्या आधी शोधायचा. आणि काकांना तो सापडायचाच. एखाद्या घरात, म्हणजे फुंकायच्या भोकात, सूर उतरलेला, कुठे पत्र्याच्या कडेतून हवा निसटतेय, कुठे कडा इतकी धारदार की ओठ कापावा. काका चिमटा घेऊन, कानस घेऊन, जीभ दातांत धरून बसायचे. घाईतलं गिऱ्हाईक आधी चुळबुळायचं, मग कंटाळून स्टुलावर टेकायचं आणि शेवटी चहा घेऊनच उठायचं. घरी जाऊन वाजवलं की मात्र तोच माणूस चार जणांना सांगायचा, घ्यायचा तर काकांकडूनच घ्या.

दुकान अरुंद होतं. एका बाजूला चप्पल दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. पुढे काचेचं कपाट, मागे प्लायवूडचा आडोसा, आडोशामागे कामाचं टेबल आणि टेबलामागच्या दारातून थेट घर. घर म्हणजे दोन खोल्या. त्यामुळे टेबलावर कानस घासली की आत काकूंना ऐकू यायची आणि आत कुकरची शिट्टी झाली की काका बाहेरून ओरडायचे, "सूर बरोबर आहे गं!" या विनोदावर काकू लग्न झाल्यापासून हसत आल्या होत्या. इतकी वर्षं एकाच विनोदावर हसणं येरागबाळ्याचं काम नाही.

काकू बसस्थानकावर घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलायचे नाहीत. आवाज खणखणीत आणि दम असा की तीन गाड्यांची घोषणा एका श्वासात. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्या त्यांच्या काचेच्या खोलीत माउथऑर्गन वाजवायच्या. एकदा माइक बंद करायचा राहिला आणि लहानपणी शिकलेली त्यांची एक साधी चाल अख्ख्या स्थानकाने ऐकली. साहेब रागावून आले खरे, पण खिडकीबाहेर प्रवासी टाळ्या वाजवत होते. साहेबांनी मग नुसता माइक बंद केला आणि गेले.

त्याच माउथऑर्गनचं एक घर मुकं झालं म्हणून त्या काकांच्या दुकानात आल्या होत्या. काका तेव्हा काका नव्हते, नुसते पेचकस होते. त्यांनी बाईंना वाजवून दाखवायला सांगितलं आणि ऐकून म्हणाले, "बाई, वाद्यात दोष नाही. तुमचा दम त्याला झेपत नाही."

माउथऑर्गनच्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. पट्टीचं एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं आणि किंचित उचललेलं. ही फट मोठी ठेवली तर कितीही जोरात फुंका, सूर गुदमरत नाही, पण हवा भरपूर लागते. फट लहान ठेवली तर हलक्या श्वासालाही पट्टी बोलते, पण दमदार माणसाने फुंकलं की तिचा घसा बसतो. काकांनी त्या दिवशी सगळ्या पट्ट्या केसभर उचलल्या. बाईंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसा मोकळा झाला!" नंतर दुरुस्तीची गरज नसतानाही त्या येत राहिल्या, आणि पुढचं सांगायची गरज नाही. लग्नानंतर काकूंच्या हाती आलेला प्रत्येक माउथऑर्गन आधी काकांच्या चिमट्याखालून गेला. मोजमाप काही नव्हतं. बोटांना ठाऊक होतं, तिला एवढं लागतं.

मग काकूंना छातीचं मोठं दुखणं झालं. वाचल्या, हेच खूप. पण फुफ्फुसाचा काही भाग कायमचा कडक झाला. घोषणांची नोकरी सुटली. जिन्यात मध्येच थांबायची वेळ आली. डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या नळीत फुंकून गोळ्या वर उचलायचा व्यायाम दिला होता. काकू तो रोज न चुकता करायच्या, पण माउथऑर्गनला शिवायच्या नाहीत. काकांनी एक-दोनदा पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "हौस फिटली आता." ही थाप होती आणि ती थाप आहे हे काकांना कळत होतं. टीव्हीवर कुठे माउथऑर्गन वाजू लागला की काकू आवाज कमी करायच्या. हौस फिटलेलं माणूस असं करत नाही.

काकांना आता आयुष्याकडून एवढंच हवं होतं की बायकोने पुन्हा वाजवावं. हे ते कोणाला बोलले नाहीत. दुकानात येईल तो माउथऑर्गन मात्र ते त्याच नजरेने बघायचे.

अशात एका सकाळी वाद्यांच्या कंपनीचा माणूस आला. भर उन्हात गळ्यात टाय, म्हणून काकांच्या लेखी तो टायवाला. त्याने दोन चपटी खोकी टेबलावर ठेवली.

"परवाच बाजारात आलाय, काका. एक तुम्ही वाजवून बघायला, एक काचेत ठेवायला. तुमचं मत कळवा. आणि एक विनंती आहे, हा उघडू नका. खोक्यातून काढा आणि वाजवा, हीच आमची जाहिरात आहे."

"जाहिरातीत सगळंच वाजतं," काका म्हणाले.

टायवाला गेला. काकांनी एक माउथऑर्गन काचेत ठेवला आणि दुसरा हातात घेतला. आता खरं सांगायचं तर पहिल्या क्षणालाच त्यांच्या मनात धस्स झालं, कारण वस्तू चांगली होती. हातात वजन होतं, पण जड नव्हती. पत्रे खिळ्यांनी ठोकलेले नव्हते, बारीक स्क्रूंनी बसवलेले होते. कडेवरून त्यांनी ओठ फिरवला. कुठे टोचलं नाही. एकेक घर फुंकून पाहिलं, मग एकेक घर श्वास आत ओढून पाहिलं. स्वस्तातल्या माउथऑर्गनची खालची घरं ओढताना हटकून आळशी असतात, हाक मारल्यावर "ओ" द्यायला वेळ लावतात. इथे श्वास लागायचा अवकाश की सूर हजर. जिभेने मधली घरं झाकून त्यांनी खालचा आणि वरचा एकच सूर जोडीने वाजवला. सूर जरा जरी चुकलेले असले तरी अशा वेळी आवाजाला थरथर सुटते. नव्हती. पुन्हा वाजवलं. नव्हतीच.

नवी सून आल्या दिवसापासून सगळं नीट करायला लागली तर सासूला जसा घोर लागतो, तसं काकांचं झालं. इतक्या वर्षांचा नियम एका चपट्या खोक्याने मोडायचा म्हणजे काय! त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्या घरात सगळा जोर लावून फुंकलं. सूर चिरकला आणि गप्प झाला.

"सापडला!" काका एवढ्या आनंदाने ओरडले की आतून काकूंनी विचारलं, "काय हरवलं होतं?"

पेचकस कानामागून निघाला. टायवाल्याची विनंती काकांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली होती. पत्रे उतरले. आतलं काम बघून ते पुन्हा एकदा गार पडले. पट्ट्या एका ओळीत, कुठे कानशीचा ओरखडा नाही, मधला भाग इतका घट्ट बसलेला की हवेला पळवाट नाही. "शाबास रे," ते पुटपुटले. त्यांच्या तोंडून कारखान्याला शाबासकी निघालेली ही पहिली वेळ. पण हात शिवशिवत होते. चिमटा उचलला आणि ज्या मापाने ते नेहमी काकूंसाठी करायचे त्याच मापाने सगळ्या पट्ट्या केसभर उचलल्या. मग पुन्हा पहिल्या घरात जोरात फुंकलं. सूर दणक्यात निघाला. काकांना वाटलं, हाच तो. हा ती नक्की वाजवणार.

दुपारचा चहा झाल्यावर त्यांनी तो बशीशेजारी ठेवला. मग नुसते खिडकीबाहेर बघत बसले, म्हणजे सगळं उघडच होतं.

काकूंनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग ओठांना लावला. पहिला सूर आला तो निम्मा सूर आणि निम्मी फुस्स हवा. त्यांनी जोर लावला. दुसरा सूर आला, तिसरा अर्धा आला आणि खोकला लागला. तो थांबेपर्यंत काका पाण्याचा पेला धरून उभे होते. काकूंनी माउथऑर्गन रुमालाने नीट पुसला आणि परत बशीशेजारी ठेवला.

"छान आहे. चकचकीत आहे," त्या म्हणाल्या.

वाद्याला कोणी चकचकीत म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. काका भडकले. "भिकार माल! नुसतं वरून पॉलिश. हवा पितो मेला नुसता!"

"त्या बिचाऱ्याला कशाला बोलताय? माझ्यातच राहिलं नाही काही." काकू शांतपणे कपबश्या उचलत होत्या. "आता परत माझ्यासमोर असलं काही आणून ठेवू नका. ऐकताय ना? मला त्रास होतो."

काका ऐकत होते. ते टेबलापाशी जाऊन बसले आणि बराच वेळ त्यांनी कशालाच हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी गिटार शिकवणारे मास्तर आले आणि काचेतल्या नव्या माउथऑर्गनकडे बोट दाखवलं. काकांनी आदल्या दिवसाचा सगळा राग त्यांच्यावर काढला. "घेऊ नका. बैलाचा दम लागतो. कारखानेवाल्यांना वाटतं, वाजवणारे सगळे पैलवानच असतात." मास्तर बिचारे तारांचा संच घेऊन गेले. आत काकू सगळं ऐकत होत्या. बसस्थानकावर असताना कोणी कितीही सांगो, स्वतः खिडकीतून गाडी बघितल्याशिवाय त्या घोषणा करायच्या नाहीत. कोणाला उगाच नावं ठेवलेली त्यांना खपायची नाहीत, मग तो माणूस असो नाहीतर माउथऑर्गन.

थोड्या वेळाने काका शेजारी गेले. एका ॲकॉर्डियनच्या फाटलेल्या भात्याला ठिगळ लावायला त्यांना पातळ चामडं हवं होतं. चप्पलवाला तुकडे उलटेपालटे करून दाखवत होता आणि मध्येच थांबून म्हणाला, "आज काकू वाजवतायत वाटतं."

"छे," काका म्हणाले. "तिला नाही जमत आता. रेडिओ असेल."

"रेडिओ कुठला? ही तर काकूंचीच ती चाल."

"अरे, माझ्या बायकोचं मला माहीत की तुला? तो माउथऑर्गन वाजवायला छातीत—" इथे काकांचं वाक्य तुटलं, कारण चाल वर चढली होती आणि वरच्या सुरावर थोडी रेंगाळली होती. असं रेंगाळणारं माणूस त्यांना एकच माहीत होतं. चामड्याचा तुकडा हातात तसाच धरून ते निघाले. चप्पलवाला मागून ओरडला, "काका, चप्पल!" ते अनवाणीच गेले होते.

काकू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, खांदे अजिबात न उचललेले. बोलताना घेतो तेवढाच श्वास त्या घेत होत्या आणि तेवढ्यात सूर निघत होता, लहान पण स्वच्छ, कडा न तुटलेला. काका दारात उभे राहिले. आत पाऊल टाकलं तर थांबेल, ही भीती त्यांना वाटली आणि ते खरंच हलले नाहीत.

काकूंनीच डोळे उघडले. "अहो, असे काय उभे?"

"हा कुठला?"

"काचेतला. तुम्ही त्या मास्तरांना इतकं वाईटसाईट सांगितलंत, म्हटलं बघावं तरी."

"पण तो मी उघडलेला नाही अजून."

"म्हणूनच वाजतोय," काकू म्हणाल्या.

काका आडोशामागे गेले. आदल्या दिवशीचा माउथऑर्गन त्यांनी पुन्हा उघडला आणि दिव्यासमोर धरला. मग काकूंच्या हातातला मागून घेतला आणि पत्रे न काढता नुसता पुढच्या घरांतून उजेडाला लावून पाहिला. न उघडलेल्यात पट्टीखालून उजेडाची रेघ जेमतेम दिसत होती. दुसऱ्यात चांगली दिसत होती, आणि ती त्यांच्या हातची होती. अति तिथे माती म्हणतात, पण इथे मातीसुद्धा मोठ्या प्रेमाने कालवली होती. जी बाई तीन गाड्या एका श्वासात पुकारायची तिच्यासाठी त्यांनी त्या पट्ट्या उचलल्या होत्या. बोटांना तीच ठाऊक होती. पेचकसकाकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांची लाज वाटली.

ते परत येऊन तिच्यासमोर खाली फरशीवरच बसले. "अगं, मी तो तुझ्यासाठीच लावला होता. तुझ्या दमाचा. पण तो तुझ्या आधीच्या दमाचा झाला."

"काल का नाही बोललात?"

"मला काल कुठे कळलं होतं?"

काकू म्हणाल्या, "रात्री जागे राहून माझा श्वास ऐकत पडता तुम्ही. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? इतकं ऐकता, मग पट्टी उचलताना तो कान कुठे गेला होता?"

काकांनी हातातल्या चामड्याच्या तुकड्याची घडी घातली. मग म्हणाले, "मला वाटत होतं, वाद्य तसंच ठेवलं तर तूही तशीच होशील."

"मी नाही होणार तशी," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी आता एवढीच आहे. एवढीला चालणार असेल तर वाजवते."

"चालेल," काका म्हणाले, आणि चामड्याच्या त्याच तुकड्याने त्यांनी डोळे पुसले. त्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

दुपारी टायवाल्याचा फोन आला. "काय काका, काय काय दुरुस्त करावं लागलं?"

"काही नाही. मी हात लावला तेवढाच बिघडला."

टायवाला चपापला. काकांच्या तोंडून असलं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. "म्हणजे पसंत आहे?"

"पसंत म्हणजे? अरे, खोक्यातून काढला आणि माझ्या बायकोने वाजवला. निम्म्या छातीने वाजवला. तुमच्याकडे शेवटचा हात फिरवणारा जो कोणी असेल ना, त्याला माझा नमस्कार सांग."

"काका, तिथे आता मशीन आहे."

"मग मशीन लावणारा असेल की कोणीतरी! आभाळातून पडलं का ते? त्याला सांग." आणि काकांनी फोन ठेवला. जित्याची खोड अशी एका दिवसात जात नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या मालाची खोकी त्यांनी संध्याकाळी उघडलीच आणि त्यांना नावंही ठेवली. पण त्या एका माउथऑर्गनला पेचकस लागला नाही. गिऱ्हाईक आलं की काका आधी "वाजवून दाखवा" म्हणायला लागले आणि माणसाचा श्वास ऐकून मग ठरवू लागले की त्याला हात लावलेला द्यायचा की न लावलेला.

त्या संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर काकू आपणहून बाहेर आल्या आणि स्टुलावर बसल्या. काकांनी पंखा बंद केला, कारण त्याची घरघर मध्ये आली असती. काकूंनी चाल सुरू केली. पूर्वी त्या ती दोन श्वासांत संपवायच्या. आता प्रत्येक ओळीला थांबावं लागत होतं, आणि एका ओळीच्या मधोमध, वरच्या सुराच्या अलीकडे, सगळंच थांबलं. काकूंचे ओठ माउथऑर्गनवरच होते, पण आवाज येत नव्हता. मान खाली गेली होती.

काका घाईने उठले. "पुरे गं आता, दमलीस. उद्या वाजव."

काकूंनी न बघताच एक बोट वर केलं.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "संपलेलं नाही. श्वास घेतेय."

काका परत बसले आणि वाट बघू लागले.